ल्यूबेक नगरीच्या दप्तराचा वनवास

जर्मनीच्या उत्तर भागांतील ल्यूबेक या जुन्या बंदराची कीर्ति दोन प्रकारची आहे. सामान्य प्रवासी तेथें जातात ते विटांच्या उंच देवळांसाठीं, दोन बुरुजांच्या वेशीसाठीं आणि बदामाच्या मिठाईसाठीं. इतिहासाच्या अभ्यासकास तेथें ओढून नेणारी वस्तु निराळी आहे. ती म्हणजे त्या नगरीचें दप्तर. युरोपांतील मध्ययुगीन व्यापाराचा इतिहास ज्या थोड्या दप्तरांवर उभा आहे त्यांत याचें स्थान फार वरचें आहे. हें दप्तर शतकानुशतकें आपल्या जागीं सुखरूप राहिलें. आणि नंतर जें एकदां जागेवरून हाललें, त्याचा मोठा भाग परत येण्यास पंचेचाळीसाहून अधिक वर्षें लागलीं. आम्हीं या नगरीस भेट दिली ती मुख्यत्वें हा वृत्तांत समजून घेण्याच्या हेतूनें. जुन्या कागदांच्या संग्रहांत ज्यांचें मन रमतें अशा वाचकांस त्यांत विचार करण्याजोगें पुष्कळ आहे असें वाटल्यावरून हें टिपण सादर केलें आहे.

(१) नगरस्थिति

हांबुर्गपासून ईशान्येस सुमारें साठ किलोमीटरवर ल्यूबेक लागतें. ट्राव्ह आणि वाकेनित्स या दोन नद्यांच्या पाण्यानें वेढलेल्या लंबवर्तुळाकार बेटावर जुनी वस्ती आहे. समुद्र तेथून सुमारें वीस किलोमीटर दूर, ट्राव्हच्या मुखाशीं आहे. जहाजें नदीनें वर चढून धक्क्यास लागत. इ. स. ११४३ त होल्स्टाइनचा सरदार दुसरा आडोल्फ यानें ही नगरी वसविली. ११५७ त ती जळाली. ११५९ त ‘सिंह’ या बिरुदानें प्रसिद्ध असलेला सॅक्सनीचा ड्यूक हेन्री यानें ती पुन्हां उभी केली. १२२६ त सम्राट दुसरा फ्रेडरिक यानें तिला मुक्त नगरीचा दर्जा दिला. म्हणजे कोणाही मधल्या सरदाराचा अंमल न राहतां तिचा संबंध थेट सम्राटाशीं जोडला गेला. हें स्वातंत्र्य, मधला नेपोलियनचा काळ वगळल्यास, १९३७ पर्यंत टिकलें.

आगगाडीच्या स्थानकावरून निघालें कीं प्रथम होल्स्टेन वेस लागते. ती इ. स. १४६४ ते १४७८ या काळांत बांधली गेली. खालची जमीन दलदलीची असल्यामुळें दोन्ही बुरुज कलले आहेत, व तळमजल्याचा कांहीं भाग जमिनींत रुतला आहे. एकोणिसाव्या शतकांत ही वेस निरुपयोगी म्हणून पाडावी असा विचार चालला होता. १८६३ त नगरसभेंत प्रश्न मतास टाकला तेव्हां ती राखावी या बाजूस एकच मत अधिक पडलें. आज जी वेस नगरीचें चिन्ह म्हणून जगभर ओळखली जाते ती अशी एका मतानें वांचली.

वेशीलगत नदीच्या कांठावर विटांचीं सहा उंच कोठारें आहेत. तीं १५७९ ते १७४५ या काळांतलीं असून मिठाचीं कोठारें म्हणून ओळखलीं जातात. ल्यूबेकच्या वैभवाचें एक मूळ या मिठांत आहे. दक्षिणेस ल्युनेबुर्ग येथें खाऱ्या झऱ्यांचें पाणी आटवून मीठ काढीत. तें ल्यूबेकला आणण्यासाठीं खोदलेला श्टेकनित्स कालवा इ. स. १३९८ त पुरा झाला. आजच्या दक्षिण स्वीडनचा स्कोने नांवाचा किनारा त्या वेळीं डेन्मार्कच्या राज्यांत होता. तेथें हेरिंग नांवाची मासळी अमाप सांपडे, परंतु ती टिकविण्यास मीठ नव्हतें. ख्रिस्ती लोकांच्या उपवासांच्या दिवसांत मांस वर्ज्य आणि मासळी चाले. त्यामुळें खारविलेल्या हेरिंगला सर्व युरोपभर मागणी होती. ल्युनेबुर्गचें मीठ आणि स्कोनेची मासळी यांची गांठ घालून देणारी पेठ ती ल्यूबेक. या मिठाचा उल्लेख आम्हीं मुद्दाम विस्तारानें केला आहे. दप्तराच्या कथेंत तें पुन्हां येणार आहे.

(२) हान्सा म्हणजे काय

उत्तर युरोपांतील व्यापारी नगरांच्या ज्या संघास हान्सा म्हणत त्याचें नेतृत्व ल्यूबेककडे होतें. हा संघ म्हणजे राज्य नव्हे. त्यास राजा नव्हता, कायमची फौज नव्हती, कायमचा सामाईक खजिना नव्हता. लंडन, ब्रूज, बेर्गेन आणि नोव्हगोरोद येथें त्याच्या मोठ्या वखारी होत्या. पैकीं नोव्हगोरोदची वखार १४९४ त मॉस्कोचा राजा तिसरा इव्हान यानें बंद केली. नगरांचे प्रतिनिधि वेळोवेळीं सभेस जमत. पहिली सर्वसाधारण सभा १३५६ त ल्यूबेक येथें भरली, आणि शेवटची १६६९ त तेथेंच. सभेंत जे ठराव होत ते लिहून काढीत व प्रतिनिधि त्यांच्या नकला आपापल्या नगरांस घेऊन जात. आरंभीं भाषा लॅटिन होती. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिची जागा उत्तरेकडील देशभाषेनें घेतली.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. ज्या संस्थेस सिंहासन नाहीं, राजधानी नाहीं, ती संस्था तिच्या कागदांतच नांदते. हान्साचा ठाव घ्यावयाचा तर ठरावांच्या नकला, जकातीच्या याद्या, सनदा, कौल आणि व्यापाऱ्यांचीं मृत्युपत्रें यांवांचून दुसरा मार्ग नाहीं. तीं दप्तरें नाहींशीं झालीं असतीं तर हान्सा हें एक नांव उरलें असतें.

(३) सनद आणि बनावट सनद

नगरसभेच्या महत्त्वाच्या सनदा कचेरींत न ठेवतां सेंट मेरीच्या देवळांत ठेवण्याची वहिवाट होती. देवळाच्या एका बाजूस नगराध्यक्षांची म्हणून ओळखली जाणारी खोली आहे. तिच्या वरच्या दालनास ट्रेझे, म्हणजे खजिना, असें म्हणत. सोनें ठेवावें तसे कागद तेथें ठेवलेले असत. विटांच्या कमानीखालीं आगीचें भय कमी, आणि देवस्थानाचा धाक अधिक. असा दुहेरी बंदोबस्त होता. १८५४ त स्वतंत्र दप्तरखाना स्थापन झाला. सध्यांचा दप्तरखाना बेटाच्या दक्षिण टोंकास, मुख्य धर्मपीठाच्या देवळाजवळ आहे.

या ठेवींतील सर्वांत नामांकित कागदांपैकीं एक बनावट आहे, हें आपल्या वाचकांस विशेष वाटेल. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा यानें ११८८ त ल्यूबेकला सवलतींची सनद दिली. ती अस्सल सनद आज उपलब्ध नाहीं. त्या सालची म्हणून जी दाखविली जाते ती १२२६ च्या थोडें अगोदर ल्यूबेकमध्येंच तयार झाली, आणि मूळ सवलतींत नगरीच्या सोयीचा भरणा करून ती नातू जो दुसरा फ्रेडरिक त्याच्यापुढें मंजुरीसाठीं ठेवण्यांत आली. त्यानें मे १२२६ त तीस मान्यता दिली व पुढच्याच महिन्यांत मुक्त नगरीची सनद करून दिली. शेजारच्या हांबुर्गची गोष्ट याहून ठळक आहे. तेथील बंदराचा वाढदिवस दरवर्षीं ७ मेच्या सुमारास थाटानें साजरा होतो, तो बार्बारोसाच्या ७ मे ११८९ या तारखेच्या सनदेवरून. आणि ती तारीख धारण करणारा उपलब्ध कागद तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बनविलेला आहे.

वतनांच्या तंट्यांत दाखल झालेल्या बनावट सनदा व महजर ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. परंतु खरा मुद्दा पुढें आहे. ल्यूबेकची सनद बनावट ठरल्यानें इतिहासाची हानि झाली नाहीं. उलट लाभ झाला. ११८८ च्या सवलतींचा पुरावा म्हणून ती दुबळी, पण १२२६ च्या सुमारास नगरीस काय हवें होतें याचा पुरावा म्हणून ती अस्सल आहे. हा अर्थ आपणांस लागतो कशामुळें? ती बनावट सनद, तीस मिळालेली खरी मंजुरी, आणि नंतरची मुक्त नगरीची सनद हे कागद एकाच नगरीच्या ठेवींत एकमेकांशेजारीं राहिले म्हणून. तीच सनद कोण्या व्यापाऱ्याच्या दुकानांत सुटी सांपडली असती, तर ती कोणी, कोणासाठीं व कोणत्या हेतूनें रचली हें उकलणें फार कठीण झालें असतें. नैयायिक म्हणतात कीं शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा. कागदाच्या बाबतींत हें आप्तत्व त्याच्या कुळावरून ठरतें: तो कोठें होता, कोणाच्या ताब्यांत होता, आणि त्याचे सोबती कोणते.

(४) मिठांतला अज्ञातवास

इ. स. १९४२ च्या मार्च महिन्याच्या २८ तारखेच्या रात्रीं ब्रिटिश विमानांनीं ल्यूबेकवर बाँबवर्षाव केला. जुन्या नगराचा मोठा भाग जळाला आणि सुमारें तीनशें वीस माणसें मेलीं. सेंट मेरीच्या देवळाच्या मनोऱ्यांतील घंटा खालीं कोसळल्या. त्या फुटक्या घंटा पडल्या तेथेंच, फरशीच्या खळग्यांत, आजपर्यंत जशाच्या तशा ठेवल्या आहेत. दर्शनास जाणारा मनुष्य तेथें कांहीं न बोलतां उभा राहतो. हें नगर कोणत्या राज्यकर्त्यांच्या युद्धांत सांपडलें होतें व त्या युद्धानें इतरांचीं किती नगरें अगोदर बेचिराख केलीं होतीं हें विसरून चालणार नाहीं. तथापि घंटेच्या तुकड्यांना पक्ष नसतो.

दप्तर या आगींतून वांचलें. पुन्हां असा प्रसंग आल्यास तें वांचेलच असा भरंवसा न वाटून अधिकाऱ्यांनीं त्यांतील मौल्यवान भाग आन्हाल्ट प्रांतांत बेर्नबुर्गजवळ जमिनीखालीं, मिठाच्या खाणींत नेऊन ठेविला. ज्या मिठानें नगरी मोठी केली त्याच मिठाच्या पोटांत तिचे कागद लपविण्यांत आले. त्या दृष्टीनें निवड चुकीची नव्हती. मिठाची खाण कोरडी असते आणि खोल भुयारांत बाँब पोंचत नाहीं. पण अग्नि आणि पाणी यांवांचून कागदास तिसरा एक शत्रु आहे. तो म्हणजे सरहद्द. युद्ध संपलें तेव्हां तो प्रांत प्रथम अमेरिकन फौजेच्या हातीं होता. १९४५ च्या जुलैंत तो ठरावाप्रमाणें रशियन फौजेकडे गेला. खाणींतील दप्तर सोव्हिएट संघांत नेण्यांत आलें. त्याचा कांहीं भाग पुढें पूर्व जर्मनीच्या सरकारकडे आला, पण ल्यूबेक पश्चिम जर्मनींत असल्यामुळें तोहि त्या नगरीस दुर्लभच राहिला.

या काळांत दप्तरखान्याचे प्रमुख आहास्फेर फोन ब्रांट हे होते. १९४६ पासून १९६२ पर्यंत त्यांनीं हें काम केलें. सनदा, शिक्के, कालगणना इत्यादि इतिहासाच्या साहाय्यक शास्त्रांवर त्यांनीं १९५८ त लिहिलेला ग्रंथ जर्मन विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनीं अभ्यासिला आहे. सनदांचा असा जाणता रखवालदार, आणि त्याच्याच दप्तरांतील जुन्या कागदांचा मोठा भाग परदेशांत, असा हा योग होता. १९७७ त ते वारले. दप्तराचा एक भाग पूर्व जर्मनींतून परत आला तो १९८७ त, आणि सोव्हिएट संघांतील मोठा भाग आला तो १९९० त. खाणीकडे रवाना होणाऱ्या पेट्या ज्यानें पंचविसाव्या वर्षीं पाहिल्या, त्यास त्या परत आलेल्या पाहावयास सत्तरी गांठावी लागली.

१९९० ची ही परतफेड एकतर्फी नव्हती. एस्टोनियाची राजधानी टालिन, पूर्वीचें रेवाल, हीहि हान्सा नगरी. तिचें दप्तर जर्मनांनीं १९४४ त उचलून नेलें होतें, व तें शेवटीं कोब्लेंत्स येथील जर्मन सरकारच्या दप्तरखान्यांत येऊन राहिलें होतें. तें टालिनला परत गेलें, आणि ल्यूबेक, हांबुर्ग व ब्रेमेन यांचीं दप्तरें स्वगृहीं आलीं. चारहि नगरांचा जुना ऋणानुबंध होता. आतां तीं आपापले कागद घेऊन पुन्हां एकमेकांच्या ओळखीचीं झालीं.

(५) वनवासांत काय उपयोगी पडलें

जवळ जवळ अर्धशतक दप्तर नाहीं. मग त्या काळांत हान्साच्या इतिहासाचें काम थांबलें काय? थांबलें नाहीं. याचें कारण पूर्वसूरींनीं करून ठेवलेलें छापील काम. ल्यूबेकच्या सनदांचा संग्रह १८४३ पासून १९०५ पर्यंत अकरा भागांत छापून निघाला. त्यांत १४७० पर्यंतचे लेख आले आहेत. हान्साच्या सभांचे ठराव १८७० पासून खंडशः प्रसिद्ध होऊं लागले, व त्याच वर्षीं हान्साच्या इतिहासाचें मंडळ स्थापन झालें. त्या मंडळींनीं हें केलें तेव्हां बाँब नव्हते, विमानें नव्हतीं; दप्तर सुरक्षित खोलींत होतें. तरीहि एकेक ओळ वाचून, पाठ मिळवून, त्यांनीं तें छापलें.

एकच उदाहरण पुरे. डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याच्याशीं चाललेल्या युद्धाचा खर्च भागविण्यासाठीं नगरांनीं मालावर एक जादा जकात बसविली. १३६८ सालच्या या जकातीच्या ल्यूबेकमधील याद्यांत जहाजाचा तांडेल, मालाचा धनी, माल आणि त्याची किंमत यांच्या नोंदी आहेत. कापड, मीठ, हेरिंग, लोणी, मेण, केसाळ कातडीं, सर्व कांहीं त्यांत आहे. १३७० त स्ट्राल्सुंड येथें झालेल्या तहानें हान्सानें डेन्मार्कवर जो वरचष्मा मिळविला त्यामागील व्यापाराचें बळ या रुक्ष याद्यांत दिसतें. गेओर्ग लेख्नर या अभ्यासकानें त्या १९३५ त छापल्या. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत ज्या दप्तराच्या त्या याद्या, त्याची ही वाताहत झाली. लेख्नरनें ‘मूळ कागद आहेतच, घाई काय’ असें म्हटलें असतें तर काय झालें असतें, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

उलट बाजूचें उदाहरणहि याच देवळांत आहे. बेर्न्ट नोट्केनें १४६३ त रंगविलेली मृत्युनृत्याची चित्रमाला सेंट मेरींत होती; पोप आणि सम्राट यांपासून पाळण्यांतल्या बालकापर्यंत सर्वांस मृत्यु हात धरून नेत आहे असा तिचा विषय. मूळ पट जीर्ण झाल्यामुळें १७०१ त त्यांची नक्कल करून लावण्यांत आली. ती नक्कल १९४२ च्या आगींत जळाली. आज ती कशी होती हें कळतें तें अगोदर घेऊन ठेवलेल्या छायाचित्रांवरून. आणि नोट्केच्या हातच्या अशाच चित्रमालेचा एक तुकडा टालिन येथें सेंट निकोलसच्या देवळांत आहे, त्यावरून. मूळ गेलें, नक्कल गेली, पण नकलेची छाया राहिली.

त्याच आगीनें भिंतींवरचा चुना गळून जुन्या चित्रांच्या पुसट रेषा उघड्या पडल्या. युद्धानंतर त्यांच्या जीर्णोद्धाराचें काम डीट्रिख फाय याच्याकडे होतें व त्याच्या हाताखालीं लोथार माल्स्काट हा चितारी होता. देवळाच्या सातशेंव्या वाढदिवशीं, १९५१ त, हीं चित्रें थाटानें लोकांपुढें आलीं. त्यांच्यावरून टपालाचीं तिकिटें देखील निघालीं. १९५२ त माल्स्काटनें स्वतःच कबूल केलें कीं गर्भगृहाच्या भिंतींवर जुनें कांहीं नव्हतेंच, तेथील साधुसंत सर्व त्याच्या हातचे. १९५५ त दोघांस शिक्षा झाली व तीं खोटीं चित्रें पुसण्यांत आलीं. आहे तें जसें आहे तसें टिपून ठेवण्यापूर्वींच त्याची डागडुजी करूं देणें किती घातक होतें, याचा हा धडा आहे.

(६) उपसंहार

ल्यूबेकचें जुनें नगर १९८७ त जागतिक वारशाच्या यादींत आलें; बेटाच्या उत्तर टोंकास २०१५ त हान्साचें मोठें संग्रहालय उघडलें; आणि २०२३ त हान्साच्या इतिहासाचे निवडक कागद युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या नोंदवहींत दाखल झाले. हा मान अनेक देशांतील दप्तरांनीं मिळून मिळविला हें विशेष. ज्या सरहद्दींनीं कागद अडविले होते त्या सरहद्दींपलीकडच्या लोकांनीं एकत्र बसून यादी केली.

आपल्याकडे कै. राजवाडे यांनीं १८९८ त ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड छापला तेव्हां त्यांच्याजवळ ना सरकार होतें ना द्रव्य. त्यांनींहि कागद मिळतांच छापण्याचा मार्ग धरिला. संस्कृत ग्रंथांची परंपरा टिकली ती भूर्जपत्र किंवा ताडपत्र चिवट म्हणून नव्हे. एकाच ग्रंथाच्या पोथ्या काश्मीरांत, काशींत, तंजावरांत लिहिल्या गेल्या म्हणून. ज्या ग्रंथाची एकच पोथी एकाच घरीं राहिली त्याचें पुढें काय झालें हें सांगावयास नकोच.

म्हणून ज्या सद्गृहस्थांजवळ जुने रुमाल आहेत त्यांस आमची विनंति तीन गोष्टींची आहे. पहिली, कागद ज्या घराण्यांतून, ज्या गांवाहून आला त्याची नोंद कागदाबरोबर ठेवावी, आणि रुमाल फोडून एकेक सुंदर पत्र वेगळें काढूं नये. दप्तरापासून तुटलेला कागद मुका होतो. दुसरी, प्रत्येक रुमालाची यादी करावी. ती अपुरी असली तरी चालेल, पण ती दुसऱ्याच्या हातीं असावी. तिसरी, प्रत किंवा छायाचित्र काढून तें दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या छपराखालीं ठेवावें. बनावट वाटणारा कागददेखील फेंकूं नये. त्यावर संशयाची टीप लिहून तो त्याच्या सोबत्यांतच राहूं द्यावा.

ल्यूबेकजवळ देवळांतली बंदिस्त खोली होती, स्वतःचें राज्य होतें, दूरदर्शी अधिकारी होते. इतकें असूनहि दप्तर गेलें. तें परत आलें हें त्या नगरीचें भाग्य, परंतु तें नव्हतें तेव्हांहि त्याचा आवाज ऐकूं येत होता हें भाग्य नव्हे. तें शंभर वर्षांपूर्वींच्या नकलनविसांचें आणि संपादकांचें काम. आपल्या घरांतील पेटींत आज जें बंद आहे त्याविषयीं पुढच्या पिढीस हेंच म्हणतां येईल काय, हें पेटीची किल्ली ज्यांच्या हातीं आहे त्यांनीं ठरवावयाचें आहे.